गच्चीवरची टक्कर

मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. तो मीच केलेला, आणि त्याचा सगळ्यात जास्त फायदाही मलाच झालेला, कारण घरात मोठा मीच आणि बोलणाराही मीच. मराठी माध्यमाच्या शाळेत पंचवीसेक वर्षं शिकवून मला सलग पाऊण तास बोलायची सवय लागली आहे. घंटा झाली नाही तर थांबायचं कधी, हे मला कळत नाही. आम्ही राहतो सुरतेत, कतारगामला. तिथे टपरीवर चार हिरेवाले एकाच वेळी बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं. अशा गावात राहून आमच्या घरात एका वेळी एकच माणूस बोलतो, याचा मला अभिमान होता. पाहुणे म्हणायचे, “मुलगी किती शांत आहे हो तुमची,” आणि मी आतून फुगायचो.

स्कूटरचा हॉर्नसुद्धा मी वाजवत नसे. समोरच्याला डोळे दिलेत ना देवानं, त्यानं पाहावं, असं माझं मत. या मतापायी माझे दोन आरसे आणि एक मडगार्ड गेलं, पण मत टिकून होतं.

तर अशा घरातली ही शांत मुलगी वैमानिक व्हायला निघाली. सुरतेपासून दिवसभराच्या प्रवासावर, एका लहानशा गावाबाहेर, धावपट्टी आहे. तिथे छोट्या, दोन माणसांच्या विमानांवर शिकवतात. पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी चौकशी केली, की तिथला टॉवर किती उंच आहे.

“टॉवर नाहीये, बाबा.”

“मग विमानांना कोण सांगतं, तू थांब, तू ये म्हणून?”

“कोणीच नाही. आम्हीच एकमेकांना सांगतो, रेडिओवर. मी इथे आहे, आता इकडे वळतेय, आता उतरतेय. आणि डोळे उघडे ठेवायचे.”

“म्हणजे आपल्या नाक्यासारखंच की.”

“तसंच. फक्त ब्रेक नसतात.”

ती हे हसत म्हणाली. मी मात्र त्या दिवशी भात परत घेतला नाही, आणि हे आमच्या घरात फारच गंभीर लक्षण समजलं जातं.

मे महिन्यात ती अचानक पुन्हा आली. सुट्टी आहे का विचारलं तर “आठ दिवस आहे” एवढंच म्हणाली. मुळात कमी बोलणारी, त्यात आता जेवतानाही ताटाकडे बघून गप्प. बायको मला डोळ्यांनी विचारायची, मी खांदे उडवायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या पिशवीतला खडू घेतला आणि आम्हा दोघांना गच्चीवर चला म्हणाली. तिला सराव करायचा होता.

गच्चीवर तिनं भला मोठा आयत काढला. एक लांब बाजू म्हणजे धावपट्टी. सगळी विमानं या आयतावरून एकाच दिशेनं फिरतात आणि शेवटच्या कोपऱ्यावर वळून धावपट्टीच्या रेषेत येतात. प्रत्येक कोपऱ्यावर आपण कोण, कुठे आहोत आणि कुठे वळतोय, ते मोठ्यानं सांगायचं. नियम एवढाच. आम्ही तिघं तीन विमानं झालो. माझ्या बायकोनं पदर खोचला, “मी पांढरं विमान, मी वळते,” असं देवाला नैवेद्य दाखवावा तितक्या हळू आवाजात म्हटलं, आणि वळली.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची गच्ची वाळवणाला कमी पडते. त्या दिवशी शेजारच्या काकींनी बटाट्याचे वेफर घातले होते, आणि काका ते परातीत गोळा करायला वर आले होते. काका हिऱ्यांची प्रतवारी करतात. डोळ्याला भिंग लावून खड्यातला तिळाहून बारीक डाग हुडकणारा माणूस. खेळ काय आहे ते ऐकल्यावर ते खूष झाले आणि चौथं विमान म्हणून परातीसकट आत शिरले.

दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं, की आयताचे कोन काटकोन नाहीत. आता गणिताच्या मास्तरला हे कसं सोडवेल? मी बायकोकडे तोंड केलं आणि उलटा चालत चालत तिला काटकोन कसा काढायचा ते सांगू लागलो. शेवटचा कोपरा आला तरी माझं चालूच होतं. काका फेरीची दिशा विसरून उलट्या बाजूनं येत होते, मोडका वेफर निवडून तोंडात टाकत, नजर परातीत. बायकोला आम्ही दोघंही दिसत होतो. तिनं हात वर केला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

माझी पाठ परातीवर आदळली. वेफर उडाले, परात गडगडत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, आणि मी वाळवणाच्या चादरीवर बसलो.

“अरे मास्तर, जोईने चालो ने,” काका म्हणाले. भिंगवाल्यानं मला पाहून चालायला सांगावं, याचा मला आणखीच राग आला. तो राग मी रिवाजाप्रमाणे बायकोवर काढला.

“तुला दिसत होतं ना? मग बोलायला काय झालं होतं?”

“तुम्ही बोलत होतात,” ती म्हणाली.

तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नाही. कुकर झाला, असं सांगावं तसं सांगितलं आणि वेफर वेचायला बसली. काका पोट धरून हसले. मीही हसणार होतो, पण मुलीकडे लक्ष गेलं. ती टाकीच्या कठड्यावर बसली होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

काका परात घेऊन खाली गेल्यावर ती म्हणाली, “बाबा, वर माझं हेच झालं.”

मग तिनं सांगितलं. ती विमान चालवत होती, शेजारी तिचे सर होते. रेडिओवर एक जुने, मानाचे वैमानिक दुसऱ्या तशाच वैमानिकाशी धुळीबद्दल बोलत होते. एक बोलत असला की दुसऱ्याचं बोलणं दाबलं जातं, म्हणून मधली फट पकडून आपलं सांगायचं असतं. फट आली. तिनं बटणावर बोट ठेवलं. पण दुसऱ्यांचं उत्तर अजून यायचं होतं. दोन मोठी माणसं बोलताहेत, त्यांचं होऊ दे, म्हणून तिनं बोट काढलं. असं दोनदा झालं. कोपरा आला आणि ती न सांगताच शेवटच्या रेषेत वळली.

“खाली, आमच्याच रेषेत, आणखी एक विमान लांबून सरळ येत होतं. आमच्या विमानाचे पंख खाली आहेत, आम्हाला खालचं दिसत नाही. त्याचे पंख डोक्यावर, त्याला वरचं दिसत नाही. मी त्याच्यावरच उतरत होते.”

“मग?” मी विचारलं.

“सरांना जमिनीवर सावल्या दिसल्या. आमची एक, आणि तिला येऊन मिळणारी दुसरी. त्यांनी विमान ओढून बाजूला घेतलं. खालचा मुलगाही माझ्यासारखाच नवा होता, बाबा. तोही त्यांचं बोलणं संपायची वाट बघत होता.”

उतरल्यावर सर तिला म्हणाले होते, की तुला उडायला येतं, बोलायला येत नाही. आठ दिवस घरी जा. परत आल्यावर तुला एकटीला वर पाठवीन, आणि एका कोपऱ्यावर जरी गप्प राहिलीस, तर बॅग भरायची.

मी ताडकन उठलो. आता परत जायचंच नाही, असं जाहीर केलं. बँकेच्या परीक्षा आहेत, शाळा आहेत, जमिनीवर पुष्कळ नोकऱ्या आहेत. मी बराच वेळ बोललो. त्या दोघी ऐकत होत्या. कोणी मध्ये बोललं नाही. बोलता बोलता माझ्याच कानांवर ती शांतता पडली आणि मला फार भीती वाटली. हीच शांतता घेऊन ती आभाळात गेली होती, आणि ती तिच्या डब्यात मीच भरून दिली होती. मी खाली बसलो. मला रडू आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

उरलेले दिवस आमच्या घराचं विमानतळ झालं. कोणीही हललं की सांगायचं. “मी स्वयंपाकघरातून डावीकडे वळतेय, हातात गरम कढई.” “मी न्हाणीघराकडे निघालोय, घाईत.” दूध टाकायला आलेल्या बाईलाही मुलीनं दारात उभं करून जागा विचारली. मुख्य सराव मात्र वेगळा होता. मी भाषण द्यायचं आणि तिनं फट शोधून मध्ये घुसायचं. पहिल्या दिवशी ती एकदाही घुसू शकली नाही.

“बाबा, तुमच्या बोलण्यात फटच नाहीये,” ती म्हणाली.

मग मी श्वास घ्यायला शिकलो. या वयात अवघड गेलं. पाचव्या दिवशी तिनं माझं बोलणं पहिल्यांदा मध्येच तोडलं. मी आंब्याच्या पेटीवाल्याची लबाडी सांगत होतो, ऐन रंगात आलो होतो. मला सवयीनं राग आला आणि लगेच इतका आनंद झाला, की पुढचं विसरलो. पेटीवाला सुटला. मी बायकोलाही म्हटलं, तूही मध्ये बोलत जा. ती म्हणाली, “मला कुठे विमान चालवायचंय?” आणि पोळ्या लाटायला गेली.

परीक्षेला आम्ही दोघंही गेलो. नको म्हणत होती, पण गेलो. धावपट्टीच्या कडेला पत्र्याची शेड, शेडबाहेर बाकडं. सर रेडिओ हातात धरून उन्हात उभे होते. ते फारसे बोलले नाहीत, “बसा” म्हणाले. मुलगी एकटी विमानात चढली, आमच्याकडे न बघता. विमान वर गेलं आणि एवढंसं झालं. आणखी दोन विमानं फिरत होती. आणि रेडिओवर कोणी एक जाडा, अनुभवी आवाज उतरतानाच्या वाऱ्याबद्दल निवांत प्रवचन देत होता. मला तो आवाज अगदी ओळखीचा वाटला. माणूस वेगळा, आवाज माझाच.

ती शेवटच्या कोपऱ्याकडे येत होती. जाड्या आवाजाचं संपेना. घाबरलो की माझं जे होतं तेच झालं. मी बायकोला समजावू लागलो. बघ, आता ती तिथून वळेल, आता खरं म्हणजे तिनं सांगायला हवं, फट आली की लगेच, मी तिला म्हटलं होतं की पहिला श्वास ऐकू आला की...

बायकोनं माझ्या मनगटावर हात ठेवला. चांगला घट्ट दाबला.

“गप्प बसा,” ती म्हणाली. “ती बोलतेय.”

मी गप्प बसलो. जाड्या आवाजानं श्वास घेतला होता आणि त्या फटीत आमच्या मुलीचा आवाज आला, स्पष्ट आणि मोठा. ती सगळ्यांना सांगत होती, की मी इथे आहे.