दत्ताराम, उजवा हात

भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधीच मानले नाहीत. घरात कुणी असं काही सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. तरी हे लिहितेय...

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. कारखान्यात अपघात झाला की मशीनने स्वतःच आमच्या सर्व्हरला मेसेज पाठवायचा, आणि सर्व्हरने मालकाला, अँब्युलन्सला कळवायचं — असं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. याला वेबहूक म्हणतात. मेसेज आला की सर्व्हरने आधी 'मिळाला' म्हणायचं, बाकीचं काम मागाहून. 'मिळाला' म्हटलं नाही तर तोच मेसेज परत परत येतो.

त्या दुपारी मी नेमकं हेच टेस्ट करत होते. 'मिळाला' हे उत्तर मुद्दाम बंद ठेवलेलं. खोटे मेसेज पाठवणारा प्रोग्राम माझ्याच लॅपटॉपवर, सर्व्हरही त्यावरच, वायफाय बंद. सगळ्या मेसेजमध्ये कामगाराचं नाव एकच — 'टेस्ट'.

आणि स्क्रीनवर आलं : पॉवर प्रेस. उजवा हात. दत्ताराम.

"केतकी, काकांचं नाव कशाला टाकलंस गं?" शेजारी बसलेला नीलेश चिडला. त्याचे दत्ताराम काका खालच्याच गाळ्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर कामाला होते.

"मी नाही टाकलं रे!"

मेसेज परत आला. परत... मी प्रोग्राम बंद केला. तरी आला.

नीलेश जिन्याकडे धावला, मी त्याच्या मागे.

खाली कानठळ्या बसवणारा आवाज. काकांचा हात प्रेसखाली. नीलेशने मागून कॉलर धरून त्यांना असं खेचलं की दोघंही आपटले. काकांचं कपाळ लोखंडी रॅकवर फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं.

"मेल्या, माका मारतलंस काय?" म्हणत त्यांनी नीलेशच्या थोबाडीत मारली. मग अजून एक.

फोरमन शिव्या घालत आला. नीलेशला भिंतीवर ढकललं, मशीनचा स्विच बंद केला आणि आत अडकलेला पत्रा काढायला हात घातला.

प्रेस खाली आली.

फोरमनचा उजवा हात मनगटाच्या पुढे राहिलाच नाही. रक्ताची चिळकांडी माझ्या कुर्त्यावर उडाली. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. ओरडला तो पलीकडच्या मशीनवरचा त्याचा भाऊ — "दत्ता! अरे दत्ताराम!"

सगळे त्याला फोरमनच म्हणायचे. नीलेशला आणि मला त्याचं नाव कधी ठाऊकच नव्हतं.

मेकॅनिक म्हणाला, स्विच बंद केला तरी प्रेसचं जड चाक थोडा वेळ फिरत राहतं, क्लच आपोआप लागला असेल. हे पटलं मला. पण मेसेजचं काय? आमच्या सिनियरने लॅपटॉप उघडून तपासला. मेसेज होते. पाठवणारा माझाच लॅपटॉप. कोडमध्ये ते नाव मात्र कुठेच नव्हतं.

फोरमनला बघून आम्ही हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा नीलेशने विचारलं, "आपण खाली गेलोच नसतो, तर हात कुणाचा गेला असता गं?"