सात नंबरची घंटी

दरवाजा तोडायचा की नाही, यावर सात नंबरच्या कमऱ्याबाहेर वाद चालला होता. सकाळचे नऊ वाजले होते. गरम पाण्याची बादली घेऊन आलेला रामलाल अर्धा तास दार ठोकत होता. दाराला आतून कडी होती आणि आत काही हालचाल नव्हती.

"देशपांडे, सब्बल आणा. दार तोडू," मॅनेजर शितोळेजी म्हणाले. मी तुकोगंजातल्या त्या हॉटेलचा इलेक्ट्रिशियन. दारं तोडणं माझ्या कामात बसत नव्हतं, तरी निघालो.

तेवढ्यात दार उघडलं. एका गालाला साबण लावलेले सप्रे साहेब बाहेर आले आणि ओरडले, "गरम पाणी कधी येणार? अर्धा तास वाट बघतोय!"

मध्य प्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात नवे माग बसवायला सप्रे नागपूरहून तीन आठवड्यांसाठी आले होते. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान पार गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत. पण शितोळेजींचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, मिशा घराण्यात राहिल्या. त्या मिशांखाली शितोळेजींचे ओठ दिसतच नसत.

"साहेब, जिम्मेदारीचा सवाल आहे. आपण दुसरं हॉटेल बघा," शितोळेजी म्हणाले.

"हो, हो," सप्रे खुशीत म्हणाले. "दोन कप चहा पाठवा."

शितोळेजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या आग लागली तर यांना कोण सांगणार, भिया?"

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "मला तीन दिवस द्या. मग काय ते ठरवा."

घंटीचं काम सोपं असतं. बाहेर बटण दाबलं की तारेतून वीज जाते आणि घंटी वाजते. मी घंटी काढून तिथे लाल बल्ब लावला. आवाजाऐवजी उजेड. मी स्वतःवर खूश झालो. पण सप्रे दाराकडे पाठ करून मागांचे नकाशे काढत बसले होते. बल्ब पेटला, विझला. त्यांना पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बल्ब लावला. खिडकीतल्या उन्हात तो पेटलाय की नाही, मलाही कळेना. मोठा बल्ब आणला. तो दिसला. मग अख्खा स्टाफ बटण दाबून बघायला आला. सप्रे दर वेळी उठून दार उघडत, नमस्कार करत. पण दुपारी ते झोपले आणि बल्ब एकटाच पेटत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी चौथा बल्ब घेऊन शिडीवर चढलो. सप्र्यांनी माझा पाय धरला.

"खाली या. हे सगळं माझ्यासाठी चाललंय ना?"

मी मान डोलावली.

"मग मला विचारलंत का?"

मी शिडीवरून उतरलो. त्यांनी कोपऱ्यातला टेबलफॅन ओढून पलंगाकडे वळवला. "बटण याला जोडा. माझे कान गेलेत, कातडी शाबूत आहे."

घंटीचं बटण पंख्याला नाजूक पडतं, म्हणून बाहेर मजबूत स्विच बसवला. दिवस जानेवारीचे. सप्रे डोळे मिटून आडवे झाले. शितोळेजींनी स्विच दाबला. थंडगार वारा लागताच सप्रे ताडकन उठून बसले. टेबलावरचे नकाशे खोलीभर उडाले, एक थेट शितोळेजींच्या तोंडावर बसला.

"उत्तम!" सप्रे गरजले. "कागद उडाले की टेबलाशी बसूनही कळेल."

मग ते शितोळेजींना म्हणाले, "तुमचं बोलणं मिशांत अडकतं हो."

शितोळेजींनी दोन बोटांनी मिशा वर धरल्या आणि सावकाश म्हणाले, "आरामात राहा. आग लागली तर पंखा मी स्वतः लावीन."

"पंख्याने आग वाढते," सप्रे म्हणाले. "पण मी उठेन."

ते तीन आठवडे राहिले. माग चालू करून नागपूरला गेले. पुढे कमी ऐकू येणारे पाहुणे आले की शितोळेजी त्यांनाच सात नंबर देत. मी आधी वही-पेन्सिल घेऊन जाई आणि विचारी, तुम्हाला काय बरं पडेल? एका बाईंनी पंखा नको म्हटलं, बल्बच मागितला. विचारायला दोन मिनिटं लागतात. मला ते शिकायला तीन दिवस लागले.