बंधाऱ्यावर उतरणाऱ्या बाई

पुढं माणूस दिसलं की आमच्या नर्सबाई सायकलवरून उतरायच्या. पदर खोचायच्या, पिशवी खांद्यावर ओढायच्या आणि सायकल हातात धरून चालू लागायच्या.

"घंटी नाही वाजवायची, आवाज द्यायचा," असं म्हणायच्या. "घंटीनं माणूस दचकतं. आवाज दिला की बाजूला होतं."

तुम्हीही बघितलं असेल. आमच्याकडच्या दोन बाया बोलत चालल्यात आणि मागून घंटी वाजली, की एक डावीकडे पळते, दुसरी उजवीकडे. मग एकटं पडल्यासारखं वाटून दोघी एकदमच एकमेकींकडे परत धावतात, नेमक्या सायकलच्या पुढ्यात. रस्त्यावर हे हसण्यावारी जातं. घोड नदीच्या बंधाऱ्यावर जात नाही. तिथली वाट बैलगाडीही जाणार नाही एवढी अरुंद. कठडा नाही. एका अंगाला तुंबलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला खाली खडक. शिरूरच्या बाजाराहून पलीकडची सगळी वस्ती तिथूनच घरी यायची, कुणी पायी, कुणी सायकलवर.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझी अंगणवाडी नदीच्या अलीकडे, घर पलीकडे. बाई लस टोचायला अंगणवाडीत यायच्या. मूळच्या दौंडच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. साडी नेसून सायकल चालवायच्या, त्यामुळे पारावरच्या आबा-आप्पांना सुरुवातीला बरंच काम मिळालं होतं.

त्या दिवशी बाजार होता. आमचं लसीकरण चालू असताना माझा धाकटा भाऊ सायकल दामटत आला. भावजयीला सकाळपासून कळा येत होत्या आणि आता सुईणीनं हात टेकले होते. बाईंनी पिशवी उचलली. मी भावाच्या कॅरियरवर बसले.

बंधारा बाजारकरूंनी भरला होता. बाई उतरून चालू लागल्या. भाऊ उतरला नाही. त्यानं मागून घंटीचा सपाटा लावला. बाईंच्या पुढं दोन म्हाताऱ्या डोक्यावर पाट्या घेऊन चालल्या होत्या. त्या दोन बाजूंना फुटल्या, आणि तशाच परत वळल्या. एकीचा पाय कडेवरून सुटला. बाईंनी सायकल टाकून तिचं मनगट धरलं. पाटीतले कांदे पाण्यात गेले, म्हातारी राहिली.

भाऊ रडकुंडीला आला होता. "बाई, तिकडं तिचा जीव चाललाय आन् तुम्ही चालत निघालाय व्हय?"

"इथं एखादी पाण्यात पडली तर मला इथंच थांबावं लागेल. मग तुझ्या बायकोकडं कोण जाईल? उतर खाली."

तो उतरला, मागोमाग मीही. ती वाट काही सरता सरेना. मावशी, जरा कडेला व्हा, बाळंतिणीकडं जायचंय, असं सांगत बाई चालल्या होत्या आणि माणसं वाट देत होती. मला मात्र त्या शांत आवाजाचा संताप येत होता. मनातल्या मनात मी बाईंना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पोचलो तेव्हा बाळाचं डोकं बाहेर आलं होतं आणि गळ्याला नाळेचा वेढा होता. बाईंनी तो सोडवला. पोरगं निळं पडलेलं, गप्प. बाई त्याची पाठ चोळत राहिल्या. मग ते आधी मांजराच्या पिल्लासारखं आणि नंतर चांगलं मोठ्यानं रडलं.

पुढं बाईंची दौंडकडे बदली झाली. निरोप द्यायला मी भाच्याला घेऊन शिरूरच्या एस.टी. स्टँडवर गेले. बाईंची सायकल टपावर चढली होती. खिडकीतून त्या बराच वेळ त्या पोराकडे बघत होत्या.

"ताई, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हा गेला असता तर मला माफ केलं असतं?"

खोटं बोलण्याइतक्या आम्ही परक्या नव्हतो. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. "मीही केलं नसतं स्वतःला. तरी उतरलेच असते."

गाडी सुटली. भाचा माझ्या कडेवरून हात हलवत होता, बाईंना की गाडीला, कोण जाणे.