कौसल्याबाईची पऱ्हाटी

माझी सासू कौसल्याबाई कोणावर भरवसा ठेवील तर शपथ. माझ्या बापानं लग्नात दिलेला पितळी तांब्या तिनं भर मांडवात टिचकी मारून वाजवून पाहिल्ता. मंठ्याच्या बाजारात गूळ घेतला की आधी फोडून बघायची, मंग पिशवीत टाकायची. मी केलेल्या चहाचासुद्धा आधी वास घ्यायची. मला लई राग यायचा, पण तिला फसवलेला माणूस मी पाहिला न्हाई.

तिची सगळी उमर गावच्या मोठ्या जमीनमालकाच्या, काकासाहेबांच्या रानात राबण्यात गेली. कापूस वेचून झाला की मागं पऱ्हाटी उरते, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. ती आम्ही बाया मोठ्या लोखंडी चिमट्यानं उपटायचो. त्याची मजुरी न्हाई. रान साफ करून द्यायचं आणि पऱ्हाटी आपल्या घरी न्यायची, असा तिच्या सासूच्या वेळेपासूनचा रिवाज. घरामागं गंजी रचली की पुढच्या कपाशीपर्यंत चुलीची चिंता नसायची. गॅस कुठला आमच्याकडं? गंजीवर ती बाभळीची फांदी अशी ठेवायची की कोणी हात लावला तर बराबर कळावं. पहिला संशय माझ्यावरच.

दोन हजार चार साली, थंडी सरता सरता, बद्रीनाथ नावाचा एजंट आमच्या दारात आला. म्हणाला, पऱ्हाटी जाळून लाइट करायचा कारखाना निघालाय, आणि काकासाहेबांनी औंदाची सगळी पऱ्हाटी मला द्यायचं कबूल केलंय.

"मी रोज चुलीत घालते की," सासू म्हणली. "एकदा तरी बल्ब लागला का?"

बद्रीनाथ हसला. झालं, तिथंच तो तिच्या मनातून उतरला. ती तडक काकासाहेबांच्या वाड्यावर गेली, मी तिच्या मागं.

"मालक, हे लाइटीचं झूट आहे. त्यो वीटभट्टीला विकणार आपली पऱ्हाटी."

काकासाहेब वैतागले. "जा, डोळ्यानं पाहून ये. त्यो खोटा निघाला तर पऱ्हाटी तुझी. खरा निघाला तर पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

"बरं," ती म्हणली. मी पदर ओढला, पण ऐकेल तर ना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाची पऱ्हाटी भरून चाललेल्या ट्रॅक्टरवर आम्ही दोघी बसलो. वाटूरच्या पुढं कुठंही धूर दिसला की ती माझं मनगट धरायची. "बघ, आली भट्टी." भट्ट्या आल्या आणि मागं पडल्या. ट्रॅक्टर कुठंच थांबला न्हाई.

कारखान्यात पऱ्हाटीचे डोंगर. तिथल्या कामगाराला तिनं पार भंडावून सोडलं. तो बिचारा सांगत बसला: आगीवर पाणी, पाण्याची वाफ, वाफेनं चाक फिरतं, चाकावर लाइट. "कोळसा जळला की संपला, मावशी. पऱ्हाटी दरसाल पुन्हा उगवते, म्हणून ही लाइट चांगली."

"उगवते. पण उपटतं कोण?"

ती सगळं आवार फिरली. विटेचा एक तुकडा सापडतो का पाहत होती. मंग वाकून तिनं राखेची चिमूट उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि टाकून दिली. आमच्याच चुलीतली राख वाटली मला.

परतताना गावाचा फाटा दिसायला लागला तेव्हा ती म्हणली, "बेबीनंदा, त्यो खोटा असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते."

त्या आठवड्यात आम्ही काकासाहेबांचं रान मजुरीनं उपटलं. सासूनं एक काडीसुद्धा पदरात बांधून आणली न्हाई. शब्द दिल्ता ना. ट्रॉल्या भरून गेल्या. घरामागं बाभळीची फांदी तेवढी पडून राह्यली.

एके दिवशी संध्याकाळी मी नाल्यातून वेचून आणलेल्या ओल्या काटक्यांवर भाकरी थापत होते. नुसता धूर. तेवढ्यात लाइट आली. मला बरं वाटलं, निदान भाकरी करपलेली दिसंल.

"बल्ब बंद कर," सासू म्हणली.

"का हो, आत्याबाई?"

"तिथं आपली पऱ्हाटी जळून राह्यली."

माझा जीव तुटला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी खरं मानलं होतं. मी उठून बटण दाबलं आणि चाचपत भाकरी उलटली.