मुलगी सोडून फरशी बघणारे व्याही

दगडांवर माझ्या व्याह्यांइतका जीव लावणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. निफाडच्या शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. गोदाघाटावर लोक हात जोडतात, हे पायरीवरून बोट फिरवतात. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या चाकाखाली अडकवलेला दगड त्यांनी नीट बघायला उचलला आणि कांद्याची ट्रॉली लिलावाआधीच चालू लागली. शेतकरी ओरडला, "ओ गुरुजी, लय झालं तुमचं!" तर हे म्हणतात, "अरे, पोटात स्फटिक हायेत याच्या, बघ तरी!"

माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा तर कमालच केली. तिचं आधीचं लग्न साखरपुड्यानंतर मोडलेलं. तो विषय निघाला की पाहुणे पोहे अर्धे टाकून उठायचे, म्हणून आम्ही धास्तावलेलो. चहा आला, त्यांच्या मेव्हण्यांनी घसा खाकरला, "आम्ही असं ऐकलं, की..." तेवढ्यात व्याही जमिनीवर उकिडवे बसले. "ही शहाबादी! समुद्राच्या तळाशी गाळ साचला, थरावर थर दबले, त्याची झाली फरशी." तिथून अंगणात. "हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. हा झिजणार, गाळ होणार, गाळाचा खडक होणार. तो खोल जाऊन तापला, दबला की रूपच पालटणार. आणि वितळला की पुन्हा लाव्हा!" मेव्हण्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी देव्हाऱ्याच्या संगमरवरावर हात ठेवून हे म्हणाले, "हा आधी साधा चुनखडक होता. तावून निघाला. आता याला कोण विचारतं, आधी काय झालं होतं म्हणून? चला, सुपारी फोडा."

"मुलगी सोडून फरशी बघून गेले," हा किस्सा मी वर्षानुवर्षं लग्नाकार्यांत नकलेसकट सांगितला. लोक हसले, मीही हसलो. गेल्या महिन्यात विहीणबाईंसमोर सांगितला, तर त्या हसल्याच नाहीत. "भाऊ, येताना गाडीतच यांनी सगळ्यांना बजावलं होतं, जुनं काही काढायचं नाय. पण माझा भाऊ ऐकतोय व्हय? मग हेच बोलत सुटले."

म्हणून हे लिहून ठेवतोय. ती नक्कल आता बंद.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांना फोन केला. "त्या दिवशी तुम्ही मुद्दाम..." एवढंच म्हणालो. पलीकडे ते गप्प. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग मागून माझ्या लेकीची हाक ऐकू आली, "दादा, चहा गार होतोय!"

"सूनबाई बोलावतेय हो," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.