टेलिफोनमावशी आणि पंडितीण

टेलिफोनमावशींनी चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्तीनंतर दर रविवारी त्या चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसत आणि प्रवचन रटाळ झालं की कानातलं यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवत. डबी खट्‌कन मिटायची. पाळकांना त्याची सवय झाली होती. खट्‌ झालं की ते आवरतं घ्यायचे.

त्या वर्षी धर्मशास्त्राच्या कॉलेजने नवीन टूम काढली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकेका चर्चच्या मंडळीत वर्षभर राहायचं, लोकांच्या प्रश्नांवर त्यांच्याबरोबर डोकं चालवायचं आणि महिन्यातून दोनदा प्रवचन करायचं. इथे आली एक तेवीस वर्षांची, जाडजूड वह्या बाळगणारी मुलगी. आठवड्याभरात तिचं नाव पडलं पंडितीण.

तिच्या पहिल्याच प्रवचनात चौथ्या मिनिटाला डबी वाजली.

दुसऱ्या दिवशी ती मावशींच्या दारात हजर. “मावशी, नेमकं कुठल्या शब्दाला यंत्र काढलंत?”

“‘तात्त्विक चौकटी’ला. आत ये.”

मग ठरलं असं, की दर शनिवारी तिने मावशींना फोनवर प्रवचन ऐकवायचं. “जुना ट्रंक कॉल समज. तीन मिनिटं, की लाइन कट,” मावशी म्हणाल्या. पहिल्या शनिवारी पंडितिणीची प्रस्तावनाच संपेना. मावशींनी तिला वाक्याच्या मध्यावर तोडलं. चौथ्या शनिवारी मात्र सगळं तीन मिनिटांत बसलं.

पुढचा विषय होता प्रार्थना. “देव ऐकतो, म्हणजे नेमकं काय करतो, हेच मला मांडता येत नाहीये,” ती म्हणाली.

“ऐकण्याचं मला विचार. आम्हाला लोकांचं बोलणं ऐकायला सक्त मनाई होती.”

“मग?”

“मग काय, मी ऐकायचे.”

एकदा लग्न ठरलेले दोघं फोनवर कडाक्याने भांडले. लग्न मोडलं म्हणाले आणि दोघांनीही फोन आपटले. मावशींना राहवेना. त्यांनी आधी त्याला फोन लावला, मग तिला, आणि दोघांनाही सांगितलं, “तुमच्यासाठी कॉल आहे, बोला.” दोघांनाही वाटलं, समोरच्याने माघार घेतली.

“आपल्या चर्चचे खजिनदार आणि त्यांची बायको,” मावशी म्हणाल्या. “खबरदार नावं घेतलीस तर.”

पंडितिणीने नावं घेतली नाहीत, पण रविवारी प्रवचनात गोष्ट सांगितली. दुसऱ्या बाकावर खजिनदार बायकोच्या कानाशी लागले, “कोण असतील गं हे बावळट?” तिनेही मान हलवली. दोघंही एकमेकांकडे बघून मोठ्या मनाने हसले.

खरी गंमत पुढेच झाली. त्या आठवड्यात तीन वेगवेगळी जोडपी मावशींकडे येऊन गेली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, तो फोन आमचाच होता ना? मावशींनी तिन्ही जोडप्यांना हो म्हणून सांगितलं.

हे कळल्यावर पंडितीण तणतणत आली. “मावशी, तुम्ही धडधडीत खोटं बोललात.”

“कशावरून? असं मी एकदाच केलं, असं कधी म्हणाले मी?”

“किती वेळा केलंत?”

“मोजायला सवड कुणाला होती? समोरच्या बोर्डावर दिवे लागतच असायचे.” मावशी पुढे म्हणाल्या, “त्या जोडप्यांतला बेकरीवाला परवापासून बायकोची पिशवी स्वतः उचलतोय. त्याला मी कशाला नाही म्हणू?”

पंडितिणीने वही उघडली आणि तो प्रश्न लिहून घेतला.

वर्षाअखेरीला कॉलेजात विचारलं गेलं, मंडळीने दिलेला सर्वांत अवघड प्रश्न कोणता? ती म्हणाली, “भांडलेल्या दोघांना जोडून देताना मधला माणूस खोटं बोलला, तर चालतं का?” प्राध्यापक त्यावर पाऊण तास बोलले. तिने सगळं टिपून घेतलं आणि परत येऊन मावशींना अकरा पानं वाचून दाखवली.

“म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही,” मावशी म्हणाल्या.