बदकाची रेकॉर्ड

माझा काका बोटीवर खानसामा होता. एका सुटीत तो वसईला आला तो बगलेत एक रेकॉर्ड मारून. तिच्या वेष्टनावर कोट घातलेलं बदक, टाय लावलेला बेडूक आणि फ्रॉकमधलं डुक्कर अशी तिघं तोंडं फाडून गात होती. "पोरांसाठी आहे," एवढंच तो म्हणाला, आणि दोन दिवसांत पुन्हा बोटीवर गेला.

फोनो, म्हणजे ग्रामोफोन, घरात होता. बाबा शाळेत इंग्रजी शिकवत, आणि रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर चावी देऊन एखादं गंभीर भक्तिगीत लावत. ते चालू असताना खोकायचीही बंदी. त्याच फोनोवर मी आणि माझ्या धाकट्या भावाने बदकाची रेकॉर्ड लावली, आणि सुई टेकते न टेकते तोच कर्ण्यातून असा काही बारीक, नाकातला, घाईघाईचा आवाज निघाला की भाऊ ओट्यावरून थेट अंगणात पडला. पडल्या पडल्या हसत राहिला.

भाषा इंग्रजी असावी. कळत काहीच नव्हतं. पण बदकाची एक ओळ सारखी परत यायची आणि ती मला स्वच्छ ऐकू यायची: "काकू गेली पुण्यात!"

"पुण्यात कुठे?" भाऊ म्हणाला. "माकड गुंतलं खाण्यात, असं आहे ते."

"वेष्टनावर माकड आहे का?"

"मग काकू तरी आहे का?"

भांडण हातघाईवर आलं तेव्हा अर्नाळ्याची मावशी मासळीची टोपली घेऊन अंगणात शिरली. ती आठवड्यातून दोनतीनदा आमच्याकडे मासळी विकायला यायची. टोपली उतरवून ती ओट्यावर टेकली, ऐकलं, आणि मांडीवर थाप मारून म्हणाली, "काय गो पोरींनो, येवढं सोपं गानं कलत नाय? बोंबील गेलं पान्यात! बोंबील गेलं म्हनून तर रडतंय बिचारं!"

भाऊ मुलगा असून पोरींमध्ये मोजला गेला, तरी त्याला राग आला नाही. तो बोंबील शोधायला पुन्हा सुई लावत होता. त्या दिवसापासून मावशी आधी आमच्या घरी येऊ लागली, वाडीतली बाकीची गिऱ्हाईकं मागून. शेजारच्या केळीच्या वाडीतले गडी पाणी लावायचं टाकून कुंपणापाशी उभे राहायचे. प्रत्येकाला वेगळंच काही ऐकू यायचं आणि प्रत्येक जण शपथेवर सांगायचा.

शेवटी निवाडा बाबांकडे गेला. बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि कर्ण्याला कान लावला. बदक गायलं, बेडूक गायला, डुक्कर किंचाळलं. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"हे," बाबा उठत म्हणाले, "इंग्रजी नाही."

"मंग मास्तर, बोंबीलच ना?" मावशीने विचारलं.

बाबांनी चष्मा काढला. "बाई, खरं सांगायचं तर मलाही बोंबीलच ऐकू आलं."

मावशीने अशी आरोळी ठोकली की बावखलाच्या तळ्यावरचे बगळे उडाले.

नाताळाला काका परत आला. अंगणात सगळे जमले होते, मावशीही पोराबाळांसकट आली होती. आम्ही रेकॉर्ड लावली आणि तीन तट करून आपापले शब्द बेंबीच्या देठापासून ओरडलो. काका पोट धरून खाली बसला. बोलता येण्याइतका दम आल्यावर म्हणाला, "अरे, ते झोपायच्या आधी दात घासा असं सांगतायत! बोटीवरच्या गोऱ्या साहेबाने मला नीट समजावलंय."

"दात?" बाबा म्हणाले. "एवढा आटापिटा दात घासण्यासाठी?"

"त्या सायबाला काय कलतंय!" मावशी म्हणाली. "बदकाला दात असतात काय?"

साहेबाचा अर्थ तिथल्या तिथे रद्द झाला. आज माझी नातवंडं टीव्हीवर गाणारी मांजरं बघताना जमिनीवर लोळतात, तेव्हा त्यांची आई विचारते, यात एवढं हसण्यासारखं काय आहे. मी काही सांगायच्या फंदात पडत नाही, त्यांच्याशेजारी जाऊन बसते.

त्या नाताळाला मात्र सगळ्यांवर कडी केली ती आईने. आई चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची, पाठ ताठ, नजर वेदीवर. रेकॉर्ड पुन्हा सुरू झाली तशी ती वड्यांचं पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने दोन बोटांनी नाक चिमटीत धरलं आणि बदकाच्याही वरच्या पट्टीत सुरू केलं, "काकू गेली पुण्यात!"

नाकाला पीठ लागलेली माझी आई गात होती, आणि बाबा, शाळेतली पोरं ज्यांना टरकून असत ते माझे बाबा, तिच्यासमोर कोपरं हलवत बदकासारखे चालत होते.